पॉवर सीट हलेना? मॉड्यूल बदलण्याआधी आणि बदलताना पडणारे प्रश्न

मालवणात मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करतो. पूर्वी गणपतीत चाकरमानी गावी आले की बॅटरीच्या नाहीतर सेल्फच्या तक्रारी यायच्या. हल्ली त्यांत पॉवर सीटची, म्हणजे बटणाने हलणाऱ्या सीटची भर पडली आहे. ‘भाऊ, सीट हलणाच नाय’ हा फोन चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून सुरू होतो, आणि फोन करणाऱ्याने बहुतेक वेळा निदानही करून ठेवलेलं असतं: मॉड्यूल, म्हणजे सीट चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गेलं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो.

सीट अजिबात हलत नाही. मॉड्यूलच गेलं असणार ना?

बहुतेक वेळा नाही. आधी सीटखाली हात घाला. पाण्याची बाटली, लहान मुलाची चप्पल, मोबाइलची चार्जिंग केबल, एकदा तर अख्खी शहाळ्याची शेंडी निघाली आहे. रेलमध्ये, म्हणजे सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांच्यात, काही अडकलं की मोटर जोर लावते, करंट वाढतो आणि फ्यूज उडतो, किंवा मॉड्यूल स्वतःला वाचवायला मोटर बंद करतं. अडथळा काढला आणि गाडी थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा चालू केली की कित्येकदा सगळं पूर्ववत होतं.

मग बॅटरी बघा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२ च्या खाली असतील तर अनेक गाड्या सीटसारख्या चैनीच्या गोष्टी आधी बंद करतात. दोन महिने अंगणात माडाखाली उभी असलेली गाडी चालू करून लगेच सीटला नावं ठेवू नका.

त्यानंतर फ्यूज, सीटखालचे कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड) आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाण्यासाठी गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली वायर). या तिन्हींतून पार झालं तरच मॉड्यूलकडे वळायचं. हा क्रम मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका गाडीचं मॉड्यूल गेलं असं छातीठोकपणे सांगितलं, कोल्हापूरहून नवीन मागवलं, बसवलं, आणि सीट जागच्या जागी. दोन दिवसांनी कार्पेट उचललं तेव्हा दाराच्या उंबरठ्याजवळचा अर्थचा बोल्ट दिसला. गंजून इतका फुगलेला की पाना बसेना. तो घासून साफ केला आणि जुनंच मॉड्यूल मजेत चालायला लागलं. इलेक्ट्रॉनिक माल दुकानदार परत घेत नाही. ते नवीन मॉड्यूल आजही माझ्या कपाटात आहे.

माझ्या गाडीत असं मॉड्यूल आहे हे कसं कळणार?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरंतर तो पहिला हवा. बटणाने सीट हलते म्हणजे मॉड्यूल असतंच असं नाही. मेमरी (सीटची ठरवलेली जागा लक्षात ठेवायची सोय) नसलेल्या कित्येक गाड्यांत सीटच्या बाजूचं बटणच थेट मोटरला करंट देतं. पुढे दाबलं की एका बाजूने, मागे दाबलं की उलट बाजूने. मध्ये कुणीही नाही. तिथे मॉड्यूल शोधणं म्हणजे नसलेल्या माणसाच्या नावाने हाक मारणं. अशा गाडीत बिघाड बटणात, वायरीत किंवा मोटरमध्ये असतो.

दारावर किंवा सीटच्या बाजूला १, २, ३ अशी मेमरीची बटणं असतील, गाडी बंद केल्यावर सीट आपोआप मागे सरकत असेल, तर मॉड्यूल आहे. खात्री करायची तर गाडीच्या वायरिंगचा नकाशा बघावा, अंदाजावर जाऊ नये.

ते मॉड्यूल नेमकं करतं काय?

सीटच्या कुशनखाली वहीएवढा, कधी त्याहून लहान प्लास्टिकचा डबा असतो. बटणाकडून त्याला निरोप येतो, तो मोटरला करंट सोडतो. त्यासाठी काहींत रिले (करंटने उघडबंद होणारी बटणं) असतात, काहींत ट्रान्झिस्टर. बहुतेक गाड्यांत प्रत्येक मोटरमध्ये हॉल सेन्सर नावाचा छोटा चुंबकीय सेन्सर असतो. मोटर फिरली की तो ठोके पाठवतो आणि मॉड्यूल ते मोजत बसतं. सीट कुठे आहे हे त्याला डोळ्यांनी दिसत नाही, ठोक्यांच्या हिशेबावरून कळतं. हिशेब चुकला की मेमरी चुकते. पुढच्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

शिवाय ते गाडीच्या बाकी मॉड्यूलांशी कॅन किंवा लिन या निरोपांच्या तारांवरून बोलतं. म्हणून कधी कधी बिघाड सीटमध्ये असतो आणि तक्रार भलतीकडेच दिसते.

कोकणातच हे जास्त का होतं?

खारा वारा हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे आणि ते खरंही आहे. हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं, आणि कपलरमधल्या पितळेच्या, तांब्याच्या पिनांवर हिरवट भुकटी धरते. पण माझ्या अनुभवात वाऱ्यापेक्षा मोठे शत्रू गाडीच्या आतच असतात.

पहिला, मासळीचा खोका. लिलावात सुरमई, पापलेट घेतलं, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरला आणि डिक्की भरलेली म्हणून खोका मागच्या सीटसमोर पायांपाशी ठेवला. फोंडा घाट चढेपर्यंत बर्फ वितळतो आणि खारं पाणी पुढच्या सीटखाली उतरतं. ते खाऱ्या वाऱ्याहून वाईट, कारण वास दोन दिवसांत जातो आणि पाणी कार्पेटखालच्या फोममध्ये महिनोन्‌महिने राहतं.

दुसरा, एसीच्या पाण्याची नळी. आपल्या दमट हवेत एसी तासाभरात बरंच पाणी गाळतो. ते गाडीखाली टपकायला हवं. नळी तांबड्या मातीने किंवा कोळ्याच्या जाळ्याने बुजली की तेच पाणी आत, पुढच्या पायांपाशी उतरतं. गाडी थांबवल्यावर खाली ओलं होत नसेल तर आनंद मानू नका.

तिसरा, सनरूफ. त्याच्या चार कोपऱ्यांतून पाणी जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. आंब्याचा मोहर, पालापाचोळा त्यांत बसतो आणि पावसाचं पाणी खांबाच्या आतून थेट कार्पेटखाली जातं. तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे हे व्हायला एक आषाढ पुरतो.

उंदीर आणि मुंग्या वेगळ्या. मुंग्या रिलेच्या आत शिरून चिरडल्या जातात आणि संपर्क होईनासा होतो. रेलमधल्या ग्रीसवर तांबडी धूळ बसून जे सरस तयार होतं, त्याने मोटरवरचा भार वाढतो. तारकर्लीला वाळूत गाडी घालणाऱ्यांच्या बाबतीत तर रेलमधून मी मूठभर वाळू काढलेली आहे.

मग मॉड्यूलच गेलंय हे नक्की कसं ठरवायचं?

चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. मॉड्यूलला करंट पोचतो आहे, अर्थ पक्का आहे, बटणाचा निरोप त्याच्यापर्यंत जातो आहे, आणि तरीही मोटरकडे काहीच बाहेर पडत नाही. शिवाय मोटर थेट बॅटरीवर फिरते आहे. एवढं झालं तरच दोष त्या डब्याचा.

इथे मल्टिमीटर फसवतो. गंजलेल्या पिनेतून भार नसताना १२ व्होल्ट व्यवस्थित दिसतात, मोटर चालवायची वेळ आली की तेच कोसळतात. म्हणून मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी लावून तपासायला वापरतो. मॉड्यूलच्या कपलरवर, करंटच्या जाड वायरीत आणि अर्थमध्ये तो लावायचा. लख्ख पेटला तर वाट मोकळी. लालसर मिणमिणला तर वाट खराब आहे, मॉड्यूलला दोष देऊ नका. अर्थ तपासायची आणखी एक रीत: कुणाला तरी सीटचं बटण दाबायला सांगा आणि मॉड्यूलच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट मोजा. ०.२ च्या वर गेले तर अर्थ साफ करा. हा बल्ब पिवळ्या कपलरच्या आसपास चुकूनही नेऊ नका. का, ते पुढे येतं.

स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड दाखवणारं यंत्र, असेल तर कोड वाचा. यू ०२०८ हा कोड म्हणजे सीटच्या मॉड्यूलशी बोलणं तुटलं. लोक तो वाचून लगेच मॉड्यूल मागवतात. पण करंट गेला, अर्थ गेला, तार तुटली तरी हाच कोड येतो. फोन न उचलणारा माणूस मेलाच असं आपण धरत नाही.

एकच दिशा बंद असेल, म्हणजे सीट पुढे जाते पण मागे नाही, तर बटण किंवा मॉड्यूलमधला एक रिले यांच्यावर संशय घ्या. एकच मोटर बंद असेल तर आधी ती मोटर आणि तिची वायर. सगळंच बंद असेल तर करंट, अर्थ, फ्यूज.

मी स्वतः बदलू शकतो का?

हाताला पान्यांची सवय असेल तर जमेल. अट एकच, ती मात्र सोडायची नाही.

सीटखाली पिवळ्या रंगाचे कपलर दिसतील. ते साइड एअरबॅगचे आणि सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचे. एअरबॅगच्या आणि त्या यंत्रणेच्या आत स्फोटक द्रव्य असतं. कोणताही कपलर काढण्याआधी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी, आणि मग थांबायचं, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेला करंट उतरायला वेळ लागतो. काही कंपन्या ९० सेकंद सांगतात, काही तीन मिनिटं. मी सरळ दहा मिनिटं थांबतो, चहा होतो. पिवळ्या वायरीला मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प काहीही लावायचं नाही. सीट बाहेर काढून ठेवली असेल तर एअरबॅगची बाजू अंगाकडे करून तिच्यावर वाकायचं नाही.

हे वाचून मनात धाकधूक झाली तर काम जाणत्या माणसाकडे द्या. त्यात कमीपणा नाही.

सीट इतकी मागे अडकली आहे की बोल्टच दिसत नाहीत. आता?

रोजचा प्रश्न. सीट साधारण चार बोल्टांवर बसलेली असते, दोन पुढे, दोन मागे. सीट पुढे असेल तर मागचे सापडतात, मागे असेल तर पुढचे. मधेच अडकली तर दोन्ही हुकतात.

उपाय म्हणजे मोटर हाताने चालवायची. गाडीची बॅटरी सुटी असू द्या. पुढे-मागे करणाऱ्या मोटरचा कपलर मोटरपाशी काढा. मॉड्यूलच्या बाजूला काहीही जोडायचं नाही, नाहीतर ते खरोखरच जाईल. एक वेगळी १२ व्होल्टची बॅटरी घ्या, वायरीत २० अँपिअरचा फ्यूज घाला आणि मोटरच्या दोन जाड पिनांना क्षणभर टेकवा. सीट उलटीकडे गेली तर वायरी अदलाबदल करा. त्याच कपलरमध्ये बारीक पिना दिसतील, त्या हॉल सेन्सरच्या. त्यांना १२ व्होल्ट दाखवले तर सेन्सर जाऊ शकतो. टेकवायचं, सोडायचं, पुन्हा टेकवायचं. शेवटाला पोचल्यावर दाबून धरायचं नाही.

मोटरच जळलेली असेल तर काही गाड्यांत मोटर सोडवून स्क्रू हाताने फिरवता येतो. त्याला वेळ लागतो आणि बोटं सोलवटतात.

बदलायची पद्धत थोडक्यात सांगा.

सीट शक्य तेवढी वर घ्या म्हणजे खाली हात जाईल. बॅटरी काढण्याआधी रेडिओचा कोड, काचांची सेटिंग वगैरे लागणार असेल तर टिपून ठेवा. बॅटरी सुटी करा, थांबा. काही गाड्यांत मॉड्यूल सीट न काढता पुढून निघतं, तसं असेल तर बोल्टांना हात लावू नका. नसेल तर बोल्ट काढून सीट मागे कलती करा, पूर्ण बाहेर काढायची घाई नको. प्रत्येक कपलर काढण्याआधी फोटो घ्या. कुलुपाची पट्टी दाबूनच कपलर ओढा. जुनं प्लास्टिक खाऱ्या हवेत कडक झालेलं असतं, टाककन तुटतं.

जुन्या मॉड्यूलवरचा भाग क्रमांक आणि नव्यावरचा अक्षरन्‌अक्षर जुळवा. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी आतला प्रोग्रॅम वेगळा असू शकतो.

नवीन बसवण्याआधी वायरिंगच्या बाजूच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. हे न करता नवीन मॉड्यूल लावणं म्हणजे गळक्या कौलाखाली नवीन गादी टाकणं. रॉकेल, पेट्रोल, पॉलिश पेपर नको. पॉलिश पेपरने पिनेवरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज येतो. वाळल्यावर डायइलेक्ट्रिक (करंट न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात कपलरच्या रबराला आणि कडेला द्या.

सीटचे बोल्ट टॉर्क पान्याने, कंपनीने सांगितलेल्या आकड्यावरच आवळा. बहुतेक गाड्यांत सीटबेल्टचं बकल सीटलाच असतं, म्हणजे अपघातात तुमचा सगळा भार या बोल्टांवर येतो. काही कंपन्या ते एकदा काढले की नवीनच घाला म्हणतात. तसं असेल तर घाला. सगळे कपलर बसल्यावरच बॅटरी जोडायची.

सेकंडहँड मॉड्यूल चालेल का?

कधी चालतं, कधी नाही. साध्या गाड्यांत लावलं आणि चाललं असं होतं. महागड्या गाड्यांत मॉड्यूल त्या गाडीच्या चासी नंबरशी बांधलेलं असतं आणि स्कॅनरने कोडिंग केल्याशिवाय ओळख देत नाही. काहींत एकदा बांधलेलं मॉड्यूल दुसऱ्या गाडीत बसतच नाही. पैसे देण्याआधी कोडिंग कोण करणार हे ठरवून घ्या. आपल्याकडे ती सोय प्रत्येक गावात नाही, आणि नुसत्या कोडिंगसाठी घाट चढून कोल्हापूर गाठायचं तर स्वस्त मॉड्यूल महागात पडतं.

आणखी एक. भंगारातलं मॉड्यूल पुरात बुडालेल्या गाडीचं नाही ना, हे बघा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा शेकड्यांनी गाड्या बुडाल्या होत्या, आणि बुडालेल्या गाडीचे सुटे भाग कुठे ना कुठे विकले जातातच. कव्हर उघडून कोपऱ्यांत चिखलाची रेघ दिसते का बघा. दिसली की नमस्कार करून परत द्या.

नवीन लावलं, पण सीट इंचभरच सरकते आणि थांबते. खराब माल मिळाला?

नाही. नव्या मॉड्यूलला सीटची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे ठाऊक नाही. ठोक्यांचा हिशेब शून्यापासून सुरू करायचा आहे. साधारणपणे प्रत्येक दिशेने सीट अगदी शेवटापर्यंत नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं: पुढे, मागे, वर, खाली, पाठ आडवी, पाठ उभी. इंचभर सरकून थांबली तर बटण सोडून पुन्हा दाबत जायचं. काही गाड्यांत हेच काम स्कॅनरच्या मेनूतून करावं लागतं. त्यानंतरच मेमरी साठवा. सीट शिकत असताना मागच्या बाजूला मूल बसलेलं नको.

एअरबॅगचा दिवा लागला.

पिवळा कपलर नीट बसलेला नाही, किंवा तो सुटा असताना कुणीतरी इग्निशन चालू केलं. माझ्याच हातून एकदा झालंय, रेडिओ ऐकायचा होता. बॅटरी काढा, थांबा, कपलर टक आवाज येईपर्यंत बसवा. तरी कोड राहिला तर स्कॅनरने पुसावा लागतो. दिवा लागलेला असेल तर अपघातात एअरबॅग उघडेलच असं नाही, म्हणून ‘मुंबईला गेल्यावर बघू’ हे नको. शेजारच्या सीटच्या कुशनमध्ये वजन ओळखणारा सेन्सर असेल तर काही गाड्यांत सीट परत बसवल्यावर त्याचंही शून्य ठरवावं लागतं.

जुनं मॉड्यूल दुरुस्त होत नाही का?

होतं की. रिले चिकटलेला असेल, सोल्डरला तडा गेला असेल, तर चांगला कारागीर कमी पैशांत करून देतो. आतल्या सर्किटच्या पट्ट्याच गंजाने खाल्ल्या असतील किंवा मधला प्रोसेसर गेला असेल तर नाद सोडा. माझं मत असं, की पाण्यात भिजलेलं मॉड्यूल दुरुस्त झालं तरी सहा महिन्यांत पुन्हा रडतं. कोरड्या गाडीतलं असेल तर जरूर दुरुस्त करा.

सीटमुळे बॅटरी रात्रीत उतरू शकते?

हो. गाडी कुलूप लावून झोपली की एकूण करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. ओलं झालेलं बटण सतत ‘दाबलंय’ असा निरोप देत राहिलं तर मॉड्यूल झोपतच नाही. अर्धा-पाऊण तास थांबून मीटर लावा आणि सीटचा फ्यूज काढून आकडा पडतो का बघा.

गाडीत पुराचं पाणी शिरलं होतं. सीट चालवून बघू?

नको. काहीही चालू करू नका, बॅटरी सोडवा, फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. सर्वेअर येण्याआधी सीट उघडलीत तर वाद वाढतो. पाणी सीटच्या रेलपर्यंत आलं असेल तर मॉड्यूल, मोटरी आणि पिवळे कपलर हे तिन्ही तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

खर्च किती येईल?

गाडीगणिक इतका फरक आहे की आकडा सांगितला तर उद्या तुम्हीच भांडाल. तपासणीची मजुरी वेगळी आणि मॉड्यूलची किंमत वेगळी, असं आधीच विचारून घ्या. जो न तपासता मॉड्यूलची किंमत सांगतो त्याच्याकडून गाडी परत आणा. वॉरंटीत असलेली गाडी मात्र थेट कंपनीच्या वर्कशॉपला न्या, माझ्याकडेही नको.

पुन्हा होऊ नये म्हणून?

मे महिन्यात आगोटीची तयारी करता तेव्हा गाडीचीही करा. एसीची आणि सनरूफची नळी साफ, रेल व्हॅक्यूमने साफ, सीटखालचे कपलर उघडून एकदा पाहणं. कार्पेट ओलं लागलं तर वरून पुसून भागत नाही, उचलून खालचा फोम उन्हात घालावा लागतो. आणि मासळी प्लास्टिकच्या बंद टबात, डिक्कीत.

फोनवर विचारायचं असेल तर काय तयार ठेवू?

गाडीचं मॉडेल आणि साल. मेमरी आहे की नाही. कुठल्या दिशा बंद आहेत. बटण दाबल्यावर सीटखालून टक आवाज येतो की नाही. टक येतो पण हलत नाही, हे मला स्कॅनरच्या रिपोर्टपेक्षा जास्त सांगून जातं. कार्पेटवर हात दाबून ओलं लागतंय का तेही बघून ठेवा. आणि गेल्या महिन्याभरात गाडीतून मासे नेले होते का, हे खरं सांगा.